वगळलेल्या चौघांचं सुवर्ण: कर्लिंगपटू जॉन शूस्टर आणि आपल्याकडची निवड

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मी खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात खेळ शिकवतो. कबड्डी, खो-खो, थोडंफार मैदानी. तालुक्याची आणि जिल्ह्याची निवड उरकली की दरवर्षी तेच होतं. ज्यांचं नाव यादीत नसतं ती पोरं दुसऱ्या दिवसापासून मैदानावर दिसेनाशी होतात. कुणी बापाबरोबर काजूच्या बागेत, कुणी बेळगावला फाउंड्रीत, कुणी गोव्याला हॉटेलात. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला एका कागदाने सांगितलेलं असतं की तुझा खेळ संपला, आणि त्याला ते खरं वाटतं. सीमाभागात तर ही अडचण दुहेरी. इकडे निवड नाही, आणि कोल्हापूरला जावं तर कागदपत्रं इकडची.

या पोरांना सांगायला मी एका खेळाडूची गोष्ट हाताशी ठेवली आहे. खेळ आपल्याकडे कुणी खेळत नाही, आणि बेळगावात बर्फ पडायचाही नाही. तरीही ती इथं मांडावीशी वाटते. खेळ कर्लिंग, खेळाडू अमेरिकेचा जॉन शूस्टर.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. बर्फाची साधारण ४५ मीटर लांब आणि पाच मीटरच्या आत रुंद पट्टी. पलीकडच्या टोकाला बर्फाखाली रंगवलेली वर्तुळं, सगळ्यात मोठ्याचा व्यास १२ फूट. त्याला हाउस म्हणतात. संघात चौघं, प्रत्येकाचे दोन दगड. दगड ग्रॅनाइटचा, वीस किलोच्या आतला, वर मूठ. एक जण सरकत येऊन दगड सोडतो, दोघं ब्रश घेऊन दगडापुढचा बर्फ घासत पळतात, आणि चौथा, म्हणजे स्किप, हाउसमध्ये उभा राहून दिशा दाखवतो. दोन्हीकडचे मिळून सोळा दगड झाले की एक एंड संपला. ऑलिम्पिकला असे दहा एंड. केंद्राच्या सगळ्यात जवळ ज्यांचा दगड, त्या एंडचे गुण त्यांनाच, दुसऱ्याला शून्य. त्यामुळे शेवटचा दगड ज्याच्या हातात त्याचं पारडं जड. त्याला हॅमर म्हणतात. शेवटचे दोन दगड बहुतेक वेळा स्किपच टाकतो, म्हणजे जिंकलं-हरलं त्याच्याच नावावर लिहिलं जातं.

शूस्टरचा जन्म १९८२ चा. गाव चिजम, मिनेसोटातलं लोखंडाच्या खाणींचं छोटं गाव. २००६ च्या तोरिनो ऑलिम्पिकला तो पीट फेन्सनच्या संघात लीड होता, म्हणजे पहिले दोन दगड टाकणारा आणि उरलेला वेळ घासणारा. फेन्सनचा धंदा पिझ्झाच्या दुकानांचा. त्या संघाने कांस्य जिंकलं, कर्लिंगमधलं अमेरिकेचं पहिलं ऑलिम्पिक पदक. शूस्टरला स्वतः स्किप व्हायचं होतं. त्याने वेगळा संघ बांधला.

२०१० ला व्हँकुव्हरला तो स्किप म्हणून गेला. पहिले चारही सामने हरला. पाचव्या सामन्यात त्यालाच बाहेर बसवलं, आणि तो सामना अमेरिका जिंकली. स्किपला चालू स्पर्धेत बाहेर बसवणं म्हणजे काय, हे ज्याने संघाचं नेतृत्व केलंय त्याला कळेल. शेवटी नऊपैकी दोन विजय आणि दहा संघांत तळाची जागा. २०१४ ला सोचीत पुन्हा नऊपैकी दोनच विजय, नववा नंबर. त्यानंतर अमेरिकेच्या कर्लिंग संघटनेने पुढच्या चार वर्षांसाठी उच्च-कामगिरी कार्यक्रमातल्या, म्हणजे ज्यांना संघटनेचे पैसे आणि प्रशिक्षण मिळतं अशा, खेळाडूंची यादी काढली. त्यात शूस्टर नव्हता.

आमची पोरं घरी बसतात ती इथं.

त्याने काय केलं? यादीत नसलेल्या आणखी तिघांना गाठलं. टायलर जॉर्ज, मॅट हॅमिल्टन, जॉन लँडस्टायनर. जॉर्ज डलूथमध्ये दारूच्या दुकानाचा मॅनेजर, लँडस्टायनर इंजिनिअर, हॅमिल्टन प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. शूस्टर स्वतः खेळाच्या सामानाच्या दुकानात नोकरीला. नोकरी सांभाळून सराव, आणि वजन उतरवायला त्याने स्वतःचा वेगळा व्यायाम सुरू केला. २०१५ ला याच चौघांनी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, जागतिक स्पर्धेत पाचवे आले, आणि संघटनेला त्यांना कार्यक्रमात घ्यावंच लागलं. २०१६ ला जागतिक कांस्य. २०१७ च्या शेवटी ओमाहात ऑलिम्पिक चाचणी जिंकली.

प्योंगचांग २०१८. पहिल्या सहापैकी चार हरले. पुन्हा तेच सुरू झालं असं सगळ्यांनी धरलं. तिथून सलग पाच जिंकले. त्यात कॅनडाला दोनदा हरवलं, एकदा साखळीत आणि एकदा उपांत्य फेरीत. अंतिम सामना निक्लास एडिनच्या स्वीडनशी. सात एंडनंतर ५-५. आठव्यात हॅमर अमेरिकेकडे. एडिनचा शेवटचा दगड मनासारखा बसला नाही आणि शूस्टरला संधी मिळाली: एका दगडात स्वीडनचे दोन बाहेर काढायचे, आपले सगळे आत राहतील असे. त्याने काढले. एका एंडला पाच गुण. १०-७ ने सुवर्ण, कर्लिंगमधलं अमेरिकेचं पहिलं.

यात माझ्या मनात बसलेली गोष्ट जिद्दीपेक्षाही नियमाची आहे. अमेरिकेत ऑलिम्पिकला संघ जातो तो चाचणी जिंकून. चौघं एकत्र येतात, एकत्र खेळतात, जिंकले तर चौघं एकत्रच जातात. यादीवाल्यांनी त्याचे पैसे आणि प्रशिक्षण थांबवलं, खरं राष्ट्रीय स्पर्धेचा दरवाजा बंद करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. आमच्या पोरांना हा दरवाजाच नाही. तीन माणसं टेबलामागे बसतात, अर्ध्या दिवसात शंभर पोरं बघतात, आणि विषय संपतो.

तुम्हा सगळ्यांचं मत हवंय. विशेषतः ज्यांनी निवड भोगलीय त्यांचं.

---

लाल_माती_येळ्ळूर

सर, गोष्ट काळजाला लागली. मी स्वतः तालमीत वाढलोय आणि एका निवड चाचणीत कुस्ती जिंकून पण यादीत नाव आलं नव्हतं, त्यामुळे तुम्ही लिहिलंय ते सगळं ठाऊक आहे.

खरं एक विचारतो, रागावू नका. ह्या खेळात दम कुठं लागतो? आमच्या भागात जत्रेला पोरं गोल दगड छातीवर घेऊन खांद्यावर टाकतात, त्याचं वजन ह्याच्या कितीतरी पट. वीस किलोचा दगड तर ढकलायचाच आहे. दारूच्या दुकानातला मॅनेजर ऑलिम्पिक जिंकतो म्हणजे खेळ सोपा असणार असं पोरं म्हणतील, तेव्हा काय सांगायचं?

---

उद्यमबाग_लेथ

लाल_माती, तुझा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर दगडाच्या बुडाशी आहे. मी आयुष्यभर टर्निंग आणि ग्राइंडिंग केलंय म्हणून ह्या दगडाच्या नादाला लागलो. जरा लांबण लागेल.

ऑलिम्पिकचे दगड स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगतच्या एल्सा क्रेग नावाच्या बेटावरच्या ग्रॅनाइटचे. निर्जन बेट, आता पक्ष्यांसाठी राखीव, त्यामुळे सुरुंग लावायचा नाही; सुटलेले धोंडे तेवढे उचलून आणायचे. केज नावाची कंपनी १८५१ पासून हे काम करते. तिथल्या दोन जातींचे दगड वापरतात. अंगाला कॉमन ग्रीन, कारण ठोकर सोसतो. बुडाला ब्लू होन बसवतात, कारण त्याचा कण इतका बारीक आणि घट्ट की पाणी आत शिरत नाही. पाणी शिरलं आणि गोठलं तर दगडाचे कपचे उडणार, हे कुणालाही समजेल. दोन धातूंची जोडणी करावी तशी दोन दगडांची जोडणी, आणि ती टिकते.

आता बूड बघा. ते सपाट नाही, आत खोलगट आहे. बर्फाला टेकते ती फक्त एक बारीक गोल कडा, काही मिलिमीटर रुंद. आमच्या भाषेत सगळा भार एका रिंगवर. त्या रिंगची फिनिश कशी आहे यावर दगड किती वळणार ते ठरतं. आणि बर्फही काचेसारखा गुळगुळीत नसतो. सामन्याआधी एक माणूस पाठीवर टाकी घेऊन गरम पाण्याचे थेंब शिंपडत जातो, ते गोठून बारीक पुटकुळ्या येतात. मग वरचे शेंडे तासतात. रिंग त्या पुटकुळ्यांवरून जाते. सामना पुढे सरकेल तशा पुटकुळ्या झिजतात, म्हणजे पहिल्या एंडला जो बर्फ होता तो आठव्याला राहत नाही. स्किपने हे सगळं डोळ्याने ओळखायचं असतं.

एक प्रयोग घरी करा. स्टीलचा पेला गुळगुळीत फरशीवर उपडा ठेवा आणि डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट, फिरकी देऊन पुढे ढकला. पेला उजवीकडे वळेल. कर्लिंगचा दगड तशीच फिरकी दिली तर डावीकडे वळतो. उलटं! मी माझ्या नातवाबरोबर करून बघितलं, ग्रॅनाइटच्या ओट्यावर. पेल्याचं कारण सोपं आहे, पुढची कड जास्त दाबली जाते आणि तिथं घर्षण वाढतं. दगडाचं मात्र शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. २०१३ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या लोकांनी मांडलं की दगडाची पुढची कड बर्फावर बारीक ओरखडे काढते आणि मागची कड त्या ओरखड्यांच्या दिशेने ओढली जाते. कॅनडातल्या काहींचं म्हणणं वेगळं, बर्फ वितळून तयार होणाऱ्या पाण्याच्या पातळ थरावर त्यांचा भर.

दम कुठं लागतो म्हणतोस? घासताना. ब्रशवर सगळा भार टाकून, घसरत्या जमिनीवर पळत, वीस-पंचवीस सेकंद जीव खाऊन घासायचं. त्याने बर्फ जरा तापतो, दगड लांब जातो आणि कमी वळतो. दहा एंड हे करायचं, आणि सामने रोज, कधी दिवसात दोन. ह्यात इतकी ताकद आहे की २०१५ च्या हंगामात ब्रशच्या कापडावरून मोठा वाद पेटला. काही कापडं इतकी खरखरीत निघाली की घासणारा दगडाला हवं तिकडे वळवायला लागला, टाकणाऱ्याच्या हाताला किंमत राहिना. खेळाडूंनीच आपणहून ती कापडं वापरायचं थांबवण्याचं पत्रक काढलं. मग जागतिक संघटनेने कापड ठरवून दिलं.

अजून एक. ऑलिम्पिकला दगड आयोजकांचे असतात, स्वतःचे नेता येत नाहीत. सगळे दगड एकाच बेटाचे, एकाच कारखान्याचे, तरी प्रत्येकाचा स्वभाव निराळा. संघ रात्रीच्या सरावात एकेक दगड टाकून बघतात, कुठला किती वळतो ते लिहितात, आणि जोड्या लावतात. आमच्याकडे मशीन तीच, ऑपरेटर तोच, तरी दोन जॉब, म्हणजे तयार केलेले भाग, मायक्रॉनमध्ये वेगळे येतात. ज्याने हे काम केलंय त्याला ह्या खेळाडूंचा आदर वाटल्याशिवाय राहणार नाही.

---

लाल_माती_येळ्ळूर

अण्णा, पेला आत्ता करून बघितला. खरंच उजवीकडे जातो की! घासण्याचं पण पटलं. निसरड्यावर पायाची पकड ठेवून वरून भार टाकायचा म्हणजे मांड्या आणि कंबर मोडते, ते आम्हाला कळतं.

---

निपाणीची_लेक

सर, तुमचा धागा दोनदा वाचला. शूस्टरबद्दल काही वाद नाही. निवड समितीबद्दल मात्र मला वेगळं सांगायचंय, आणि ते याच खेळातलं आहे.

ईव्ह म्युअरहेड, स्कॉटलंडची. जन्म १९९०. वडील गॉर्डन स्वतः कर्लिंगपटू. ज्युनिअर जागतिक विजेतेपद तिने चारदा मिळवलं. २०१० च्या ऑलिम्पिकला ब्रिटनची स्किप म्हणून उतरली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. २०१३ ला जगज्जेती, २०१४ ला सोचीत कांस्य. २०१८ ला कांस्यपदकाच्या सामन्यात जपानविरुद्ध शेवटचा दगड तिच्या हातात होता. तो गेला असता तर पदक होतं. गेला नाही. चौथा नंबर. त्यानंतर कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया, आणि जुन्या संघातल्या मुली एकेक करून पांगल्या.

२०२१ च्या जागतिक स्पर्धेत तिचा संघ आठवा आला, ऑलिम्पिकची थेट जागा हुकली. आता तुमच्या नियमाप्रमाणे काय झालं असतं? चौघी हरल्या, चौघी घरी. ब्रिटनने तसं केलं नाही. त्यांनी नऊ मुलींचा एक गट केला, त्यांना आलटूनपालटून वेगवेगळ्या जोडणीत खेळवलं, महिनोन्महिने बघितलं आणि मग पाच निवडल्या, चौघी आणि एक राखीव. त्याच पाच जणींनी त्या वर्षी युरोपियन स्पर्धा जिंकली, डिसेंबरात पात्रता स्पर्धेतून ऑलिम्पिकची जागा मिळवली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंगला सुवर्ण आणलं. उपांत्य सामन्यात स्वीडनने पहिल्याच एंडला चार गुण घेतले होते, तिथून सामना ओढून जादा एंडला १२-११ ने जिंकला. अंतिम सामन्यात जपानला १०-३. चार वर्षांपूर्वी ज्यांच्याविरुद्ध दगड हुकला होता तोच देश.

म्हणजे समितीने निवडलेला संघही जिंकतो. फरक एवढाच की त्या समितीने वेळ दिला. अर्ध्या दिवसात शंभर पोरं बघितली नाहीत.

मी हे इतक्या आवडीने सांगते त्याला एक कारण आहे. त्या संघातली व्हिकी राइट नर्स आहे. मीही नर्स आहे. कोविडच्या काळात ती वॉर्डात ड्यूटी करत होती, आणि दीड-दोन वर्षांनी गळ्यात ऑलिम्पिक सुवर्ण. त्या दिवसांत आम्ही पीपीई किटमध्ये पाणी न पिता आठ-आठ तास उभ्या राहिलेल्या. घरी आल्यावर जिना चढायला पाय उचलत नव्हते. ती त्यातून उठून बर्फावर सरावाला जात होती हे वाचलं तेव्हा मी फोन ठेवून थोडा वेळ बसून राहिले होते. मुलींनी खेळावं की शिकावं की नोकरी करावी असा प्रश्न आपल्याकडे घरोघरी विचारला जातो. माझ्या भाचीला मी व्हिकी राइटचा फोटो दाखवते.

---

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

ताई, तुमचं उदाहरण जबरदस्त आहे आणि मी ते माझ्या मुलींच्या संघाला नक्की सांगणार.

तरी मी माझ्या मुद्द्यावर आहे. नऊ जणींच्या त्या गटात यायला आधी कुणीतरी बघितलेलं असावं लागतं. म्युअरहेड तोवर जगज्जेती होती, तिला कोण वगळणार? दहाव्या मुलीचं काय? शूस्टर त्या दहाव्या मुलीच्या जागी होता. त्याला बोलवायला कुणी आलं नाही, त्याने स्वतः अर्ज भरला आणि खेळला. समिती चांगली असेल तर उत्तमच. खरं समिती चांगली निघेपर्यंत पोराचं वय थांबत नाही.

आणि हाच नियम उलटही चालतो. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकला शूस्टरने उद्घाटनाला अमेरिकेचा झेंडा धरला, स्पर्धेत चौथा आला. २०२६ च्या ऑलिम्पिकसाठी चाचणी झाली तेव्हा डॅनी कॅस्परच्या तरुण संघाने त्याला हरवलं. सुवर्णपदक आहे म्हणून कुणी त्याला मागच्या दाराने नेलं नाही. पोरं जिंकली, पोरं गेली. मला हे फार स्वच्छ वाटतं.

---

अथणी_बीए_दुसरं_वर्ष

सर एक शंका. स्वतःच संघ बांधायचा म्हटलं तर ओळखीपाळखीचेच एकत्र येणार. ज्याच्या बापाकडे गाडी आहे त्याच्या मागे चार जण. गावात ज्याचं कुणी नाही असा चांगला खेळाडू एकटाच राहणार. आमच्या क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धांत हेच होतं.

आणि चौघांचं पटलं नाही तर?

---

निपाणीची_लेक

बाळा, पहिली शंका अगदी खरी आहे, माझं म्हणणंही तेच.

दुसऱ्याबद्दल: पटत नाही तेव्हा संघ मोडतात. कॅनडात दर ऑलिम्पिकनंतर तेच बघायला मिळतं, चार वर्षं जिवाभावाने खेळलेले संघ सुटतात आणि नव्या जोड्या लागतात. उघडपणे होतं, त्यात कुणी गद्दारी मानत नाही.

कॅनडाचं नाव निघालं म्हणून एक चांगला संघही सांगते. सँड्रा श्मिर्लर, सस्कॅचवान प्रांतातली. जॅन बेटकर, जोन मॅककस्कर, मार्शिया गुडेरेट आणि ती, चौघी वर्षानुवर्षं एकत्र. १९९३, १९९४ आणि १९९७ ला जगज्जेत्या. १९९८ ला नागानोत कर्लिंग पदकाचा खेळ म्हणून ऑलिम्पिकमध्ये परत आलं, तेव्हाचं महिलांचं पहिलं सुवर्ण त्यांचं. ऑलिम्पिकच्या चाचणीत अंतिम सामन्यात सँड्राचा एक दगड आहे: आधी बाजूच्या एका दगडाला घासून दिशा बदलायची आणि आत बसलेला प्रतिस्पर्ध्याचा दगड उडवायचा. कॅरममध्ये आपण खेळतो तसा, फक्त चाळीस मीटरवरून. कॅनडात तो आजही दाखवतात. ती २००० साली कॅन्सरने गेली, छत्तीस वर्षांची होती. लहान मुली होत्या तिला.

---

कंग्राळी_माजी_सैनिक

सर्वांना जयहिंद. फार लिहीत नाही, पण नोकरीचा विषय निघाला म्हणून लिहितो.

माझी नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत झाली. काही काळ काश्मीरात उंचावर होतो. बर्फावर तोल सांभाळणं ही शिकायची गोष्ट आहे, अंगात ताकद असून भागत नाही. चांगले चांगले पैलवान पहिल्या आठवड्यात आडवे झालेले पाहिले आहेत. गुलमर्गला आता खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा होतात, आपल्या जवानांतली पोरं स्कीइंगमध्ये पदकं घेतात.

खेळाडूच्या हाताला काम पाहिजे यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. हॉकीचे गोलकीपर शंकर लक्ष्मण आमच्या रेजिमेंटचे. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिम्पिकना खेळले, दोन सुवर्ण आणि एक रौप्य. २००६ साली महूमध्ये पायाला गँगरीन होऊन गेले, आणि शेवटचे दिवस हलाखीचे होते. तीन ऑलिम्पिकचा माणूस. तो विषय निघाला की आजही राग येतो.

म्हणून पिझ्झावाला, इंजिनिअर, नर्स, दुकानातला मॅनेजर हे वाचून मला कमीपणा वाटला नाही. उलट त्या देशांची पद्धत आवडली. तुमच्या पोरांना खेळाबरोबर आयटीआय करायला लावा. सैन्यात भरती व्हायचं असेल तर मला निरोप द्या, पळण्याची तयारी मी करून घेतो, त्याचे पैसे नकोत.

---

लाल_माती_येळ्ळूर

सुभेदार साहेब, मनातलं बोललात.

मी दोन दिवस सामने बघालोय. वर्ल्ड कर्लिंगच्या यूट्यूबवर भरपूर आहेत. एक गोष्ट कुणी लिहिली नाही ती लिहितो. घासताना ब्रश चुकून चालत्या दगडाला लागला तर खेळाडू स्वतःच सांगतो, माझा लागला म्हणून. पंच बघत नसतो. समोरच्याने बघितलेलं नसतं. तरी सांगतो, आणि मग कुठं लागला त्यावरून दगड लगेच काढतात, नाहीतर समोरचा स्किप ठरवतो काढायचा की ठेवायचा. पदकाच्या सामन्यात पण! आणि हरणार हे नक्की झालं की शेवटचा दगड टाकायच्या आधीच हात पुढे करतात.

आमच्या वस्तादांनी हेच शिकवलं होतं. पाठ लागली की लागली, पंचाच्या तोंडाकडे बघायचं नाही. आता मैदानात पाठ लागलेला पैलवान उठून वाद घालतो आणि त्याच्यामागे अर्धं गाव उभं राहतं. मी स्वतः ज्या चाचणीत डावललो गेलो तिथं समोरच्या पैलवानाला पुरतं माहीत होतं कोण जिंकलं. तो एक शब्द बोलला असता तर काम झालं असतं. समितीवर मी कधीच इतका चिडलो नाही जितका त्याच्यावर.

सर, नियम कुठलाही आणा, चाचणीचा आणा की समितीचा. खेळणारी पोरं खरं बोलणार नसतील तर दोन्ही सारखेच.

---

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

लाल_माती, तुझ्या या प्रतिसादावर काल रात्रभर विचार केला. नियमाचा आग्रह मी सोडत नाही, पण तू म्हणतोस ते नियमाच्या आधीचं आहे, आणि ते मला मैदानावर रोज करता येण्यासारखं आहे. समिती काही माझ्या हातात नाही. या आठवड्यापासून सरावात स्पर्श झाला की आउट झालेल्यानेच हात वर करायचा असं ठरवलंय. मी शिट्टी वाजवत नाही. पहिल्या दिवशी भांडणं झाली. तिसऱ्या दिवशी एका पोराने लोना पडत असताना स्वतःहून हात वर केला, बाकीच्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

अथणीच्या मुलाच्या शंकेवरही मार्ग काढतोय. यंदा निवडीत न आलेल्या पोरांचे दोन संघ जत्रेतल्या खुल्या स्पर्धांना उतरवायचे आहेत. कर्णधार पोरांनीच निवडायचा. मात्र संघात किमान दोन खेळाडू दुसऱ्या गावचे असलेच पाहिजेत, अशी अट मी घातली आहे. एका वाडीतलं एक पोर आहे, चढाईला वारा. त्याच्या गावात दुसरं कुणी कबड्डी खेळत नाही. त्याला आता सहा जण मिळाले.

अडचण दोन गोष्टींची आहे. आमच्याकडे मॅट नाही, पोरं मातीवरच खेळलेली आहेत आणि बऱ्याच स्पर्धा आता मॅटवर होतात. आणि प्रवासखर्च.

---

उद्यमबाग_लेथ

प्रवासाचं माझ्याकडे लागलं. आमच्या शॉपमधले पाच-सहा जण वर्गणी काढतो. टेम्पो ओळखीचा आहे, डिझेलवर येईल. स्पर्धांच्या तारखा पाठवा.

---

लाल_माती_येळ्ळूर

मॅटचं बघितलं. आमच्या तालमीशेजारच्या हॉलमध्ये आहे, कुस्तीचं नव्हे, कबड्डीचंच. दर रविवारी सकाळी सातपर्यंत मोकळं असतं. पाचला आलात तर दोन तास मिळतील. आदल्या दिवशी फोन करा म्हणजे किल्ली घेऊन ठेवतो. बूट पांढऱ्या सोलचे पाहिजेत, काळ्या सोलला आत सोडत नाहीत. नसले तर अनवाणी चालतंय. ६५ किलोच्या गटात उतरणार असाल तर वजनकाटा पण इथंच आहे, पोरांना उपाशी आणू नका, वजन सरावानंतर करू.